पाला देणारीचे नाव



अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या महादेव कोळी बाईपुढे शासनाला मान तुकवावी लागली, याचा आनंद आपल्या सगळ्यांनाच आहे. पण ‘बीजमाता’ म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. राहीबाईंची सुरुवात आजारपणातून झाली. नातू आजारी पडला, तो फवारलेल्या भाजीपाल्यामुळे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्या गावठी बी जपू लागल्या.

आदिवासी बाईच्या संसारात शेत, चूल, बाळंतपण आणि दवापाणी अशी वेगळी खाती नसतात. खाती पाडली ती शासनाने. बी राखणारीला पद्मश्री, आणि पाला देणारी, बाळंतपण करणारी मात्र अडाणी! २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर आला. तो यायलाच हवा होता. पण सुइणीला जे ठाऊक होते ते कुणी विचारून घेतले नाही.

सर्पदंशावर पाला चालत नाही, तिथे इंजेक्शनच हवे. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले, ते योग्यच. कुणावर करणी केल्याचा आळ घेणेही त्याच कायद्याने गुन्हा आहे, हे मात्र गावात फारसे सांगितले जात नाही. रात्री जिच्या दारात पाला मागायला जायचे, तिलाच मूल दगावले की चेटकीण ठरवायचे! आणि तीही बहुधा एकटी, विधवा, नावावर तुकडाभर जमीन असलेली. भगताच्या वाट्याला हे क्वचितच येते.

जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभ वाटून देण्यातून सूट मिळाली. आमच्या म्हाताऱ्यांचे ज्ञान तोंडी. त्यावरचा त्यांचा हक्क त्या कोणत्या कागदावर दाखवणार?

गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत वैदूंच्या नावांसाठी रकाना असतो. आपापल्या गावची नोंदवही मागून पाहा, त्यात बायका किती ते मोजा. नाव घालण्याआधी मात्र त्या बाईला विचारा. रान खुडले जाईल या भीतीने एखादी नको म्हणेल. तिचे नको म्हणणेही ग्रामसभेत मांडायला हवे.