पुरलेला दारूगोळा, कुलपातले फोटो

मुरुडच्या नारळी-पोफळीच्या सावलीत बसून वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. जमीन एकदा सरकारजमा झाली की तिच्या पोटात काय गाडले हे बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यालाही कुणी सांगत नाही, म्हणून.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारालगत, सोनेगावजवळ, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला. सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावचे रोजंदार होते. खड्डा खणायचा, गोळे ठेवायचे, उडवून द्यायचे, अशी ही रीत. जो उडत नाही तो मातीत राहतो आणि पितळ-लोखंडाच्या चार पैशांसाठी कुणीतरी तो उकरतो. भंगार वेचणाऱ्याला लोभी म्हणणे सोपे आहे. कोरडवाहू शेतीत पोट भरत असते तर मरणाच्या दारात कोण गेले असते?

असे खड्डे शोधण्याचे साधन जुनेच आहे: विमानातून काढलेले फोटो. जुन्या उकिरड्याच्या जागेवरचे भात गर्द दिसते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. खणून बुजवलेली जागा वरूनही तशीच वेगळी दिसते. एका वर्षीच्या फोटोत मोकळा माळ, पुढच्यात चर, त्यापुढच्यात चर बुजलेला, की शंका घ्यायची. आत काय आहे हे मात्र फोटो सांगत नाही. त्यासाठी धातू शोधणारे यंत्र आणि जाणते हातच लागतात. दाट झाडीखालचे तर काहीच दिसत नाही.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या गोळ्यांची चाचणी झाली. पुढे त्याच जागेवर बंगले उठले. जानेवारी १९९३ मध्ये चर खणणाऱ्या मजुरांना गोळे लागले, तेव्हा १९१८ चे हवाई फोटो काढून खड्ड्यांचा माग घेतला गेला. जर्मनीत दोस्तांच्या विमानांनी टिपलेले फोटो तपासून, न फुटलेले बाँब कुठे असतील याचा अंदाज आजही बांधकामापूर्वी घेतात. तिथे राहणारे राजदूत आणि बंगलेवाले. आपल्याकडे मरणारा रोजंदार. फरक पडतो तो इथेच.

आपल्या देशाचे हवाई फोटो सर्व्हे ऑफ इंडियाकडे आहेत. लष्करी जागेचे मागितले की सुरक्षेचे कारण पुढे येते. आजच्या कोठाराचा नकाशा आम्ही मागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी बुजवलेल्या खड्ड्यात कोणते गुपित आहे? अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात हेर-उपग्रहांनी काढलेले आठ लाखांवर फोटो १९९५ साली खुले केले. त्यांत भारताचेही आहेत. परक्याच्या दप्तरात आपले शिवार पाहता येते, घरच्या दप्तरात नाही!

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) नुसार जनहित मोठे असेल तर राखून ठेवलेली माहितीही देता येते. जिल्हा बैठकीने ठराव घ्यावा: गोळीबाराच्या मैदानालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला जुने हवाई फोटो, संशयित खड्ड्यांच्या खुणा केलेल्या गावनकाशासह मिळावेत, आणि खड्डे साफ होईपर्यंत तिथे कुदळ मारायला गावच्या मजुराला कुणी लावू नये.