इजा घरी कळते, नोंद कुठेच होत नाही

२०१५ मध्ये कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या तांड्यांवर आणि वस्त्यांत कार्यकर्ते फिरले, तेव्हा ऐन तारुण्यात गर्भाची पिशवी काढलेल्या कितीतरी बायका समोर आल्या. बहुतेक लमाण आणि दलित. पोटदुखी किंवा अंगावरून जाणं, एवढ्यासाठी दवाखान्यात गेलेल्या. कॅन्सरचं नाव ऐकताच घाबरून ऑपरेशनला तयार झालेल्या. चार वर्षांनी महाराष्ट्रातल्या बीडमध्ये तेच घडलेलं निघालं: तीन वर्षांत खासगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढल्याचा आकडा सरकारने विधिमंडळात सांगितला. दोन्हीकडे ओरड बाहेरून झाली. जिथे हे घडलं, त्या दवाखान्यांनी स्वतःहून काही कळवलं नव्हतं.

अशीच न कळवलेली इजा एका दिवसाच्या ऑपरेशनांतही होते. आता मोतीबिंदू, बिनटाक्याचं कुटुंबनियोजन अशी ऑपरेशनं सकाळी होतात आणि संध्याकाळी माणूस घरी येतो. ही सोय चांगलीच आहे; मजुरी बुडत नाही, खर्चही वाचतो. पण बिघडतं ते घरी आल्यावर. तिसऱ्या दिवशी जखम चिघळते, डोळा लाल होऊन दिसेनासं होतं. माणूस गावातल्या डॉक्टरकडे धावतो, तो इंजेक्शन देतो, फारच झालं तर जिल्ह्याला पाठवतो. ज्याने ऑपरेशन केलं त्याच्या रजिस्टरात मात्र रुग्ण ठणठणीत घरी गेलेला असतो.

त्यात आपली कर्नाटक-महाराष्ट्र सीमा. कलबुर्गीतल्या आळंदची बाई सोलापूरला जाते, बिदरमधल्या भालकीचे आजोबा लातूरला. कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी २००७ चा कायदा आहे आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार प्राधिकरणही. पण बिदरच्या प्राधिकरणाचा हात लातूरच्या दवाखान्यापर्यंत पोचत नाही. तिथे महाराष्ट्राचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा.

कळवण्याची सक्ती करता येते. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने २००३ मध्ये दवाखान्यांना गंभीर इजा कळवणं कायद्याने सक्तीचं केलं. एप्रिल २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. चाळिशीआतल्या बाईची पिशवी काढली, तर त्याची कारणासह नोंद ठेवावी, असं त्यांत आहे. हेच एका दिवसाच्या ऑपरेशनांना लावा. ऑपरेशननंतर महिन्याभरात रुग्ण त्याच त्रासाने कुठल्याही डॉक्टरकडे आला, तर त्या डॉक्टरने तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे, आणि बिदर-कलबुर्गीने लातूर-सोलापूरला. बायकांनी मोर्चा काढेपर्यंत थांबणं हा अन्याय आहे.

तोवर एवढं करा. ऑपरेशनचे कागद मागून घ्या. मागितल्यावर ७२ तासांत ते देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, पैसे भरून ऑपरेशन सोलापुरात झालं असलं, तरी कलबुर्गीत राहणाऱ्याला कलबुर्गीच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.