वाहन कामाचे की मानाचे?

परदेशात स्थायिक होण्यासाठी गेलेल्या मनुष्याचा पहिला मोठा आर्थिक निर्णय घराचा असतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः घराचा प्रश्न बराच पुढे येतो. पहिली काही वर्षे तो भाड्याच्या खोलीत काढतो. परंतु वाहनाचा प्रश्न पहिल्या काही महिन्यांतच दारात उभा राहतो. ज्याचा चरितार्थ कागदावर नव्हे, तर हातातील कौशल्यावर चालावयाचा आहे, अशा वीजतंत्र्यासाठी, नळ-कारागिरासाठी, सुतारासाठी किंवा साफसफाईचा छोटा व्यवसाय करणाऱ्यासाठी तर वाहन हेच दुकान आणि वाहन हेच गोदाम. मग ते कसे असावे? कामाला पुरेल असे, की चारचौघांत शोभेल असे? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु नव्या देशातील पहिल्या पाच वर्षांची आर्थिक दिशा पुष्कळदा त्याच्या उत्तरावरून ठरते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या देशाच्या २०२१ च्या जनगणनेनुसार भारतात जन्मलेल्या रहिवाशांची संख्या सुमारे ६ लाख ७३ हजार होती. परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडच्या खालोखाल हा दुसरा क्रमांक. त्यांत मेलबर्न-सिडनीकडे गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. तेथेही वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे चालविण्याची सवय फारशी मोडावी लागत नाही. मोडावी लागते ती दुसरीच एक सवय, वाहनाकडे पाहण्याची.

हौद्याला आलेली प्रतिष्ठा

महाराष्ट्रात मालवाहू वाहनाला प्रतिष्ठा कधीच नव्हती. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीच्या नावावरून ‘टेंपो’ हे सामान्यनाम झाले. २००५ मध्ये टाटांची ‘एस’ आली आणि लोकांनी तिला कौतुकाने ‘छोटा हत्ती’ म्हटले. पण टेंपोचा मालक लग्नाला जाताना टेंपो घरी ठेवतो आणि मोटारसायकल काढतो. माल वाहणारे वाहन पोटासाठी, माणसे वाहणारे वाहन मानासाठी, ही विभागणी आपल्याकडे स्पष्ट आहे.

ऑस्ट्रेलियात ही विभागणी जवळजवळ एका शतकापूर्वीच पुसट झाली. पुढे मोटारीसारखी बैठक आणि मागे उघडा हौदा अशा वाहनाला तेथे ‘यूट’ म्हणतात. त्याच्या जन्माची कथा अशी सांगितली जाते, की गिप्सलँड भागातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र लिहून एक मागणी केली : रविवारी न भिजता चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील असे एकच वाहन हवे. जिलाँग येथील फोर्डच्या कारखान्यातील लू बँड्ट या तरुण अभियंत्याने त्याचा आराखडा केला आणि १९३४ मध्ये ते वाहन बाजारात आले. म्हणजे काम आणि मान यांची सांगड हीच यूटची मूळ प्रेरणा होती. त्यात दिखाऊपणा नव्हता, काटकसर होती. दोन वाहने परवडत नाहीत, म्हणून एकात दोन.

पुढे चित्र पालटले. देशातील मोटार उत्पादन २०१७ मध्ये बंद पडले आणि बाजार आयात वाहनांनी, त्यांत थायलंडमध्ये बनलेल्या यूटींनीही, व्यापला. २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षे देशात सर्वाधिक खपलेले वाहन टोयोटाची हायलक्स ही यूट होती. २०२३ आणि २०२४ मध्ये तो मान फोर्डच्या रेंजरने घेतला. ही वाहने आता चार दारांची, चामडी बैठकांची आणि सुमारे ५.४ मीटर लांबीची झाली आहेत; म्हणजे तेथील वाहनतळावरील प्रमाणित जागा जेवढी लांब, जवळजवळ तेवढीच. या वाहनाला राजकीय वजनही आले. २०१९ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाच्या विजेवरील मोटारींच्या धोरणामुळे कारागिरांच्या यूटी धोक्यात येतील, असा प्रचार सत्ताधारी पक्षाने केला होता. मालवाहू वाहनाला राष्ट्रीय प्रतीकाचे स्थान मिळाल्याची अशी उदाहरणे थोडीच असतील.

खुणेची किंमत

अशा समाजात पाऊल टाकणाऱ्या नवागताला भव्य यूटीचा मोह झाला, तर त्याला उथळ ठरविणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. तो स्वतः नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शेतकरी दांपत्याचा मुलगा होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. परंतु व्हेब्लेनचा रोख प्रामुख्याने श्रीमंत, निरुद्योगी वर्गावर होता. कष्टकरी नवागताची स्थिती समजण्यासाठी मायकेल स्पेन्स याने १९७३ मध्ये मांडलेला संकेतांचा सिद्धांत अधिक उपयोगी पडतो. ज्याची गुणवत्ता समोरच्याला दिसत नाही, तो ती पटविण्यासाठी एखादी खर्चिक खूण धारण करतो, असे त्याचे प्रतिपादन. स्पेन्सने ते नोकरीच्या बाजाराबद्दल केले. परंतु ते दुरुस्तीच्या कामासही तितकेच लागू आहे.

नवा वीजतंत्री दारात येतो तेव्हा यजमानाला त्याच्याविषयी काय ठाऊक असते? नाव उच्चारायला अवघड, बोलण्याची ढब परकी, शेजारीपाजारी कोणी त्याच्याकडून काम करून घेतलेले नाही. अशा वेळी दाराबाहेर उभे असलेले वाहन त्याच्या आधी बोलते. नवी कोरी यूट सांगते, ‘या मनुष्याचा धंदा बरा चालला आहे; म्हणजे त्याचे काम चांगले असावे.’ मोडका टप असलेली, पोचे पडलेली जुनी व्हॅन नेमके उलटे सांगते. तेव्हा प्रतिमेला किंमत आहे, हे नाकारून चालणार नाही. प्रश्न एवढाच, की ती किती आणि तिची वसुली होते का.

हा हिशेब भावनेने नव्हे, आकड्यांनी करावयाचा असतो. समजा, सुस्थितीतील जुनी व्हॅन २० हजार डॉलरना मिळते आणि दिमाखदार नवी यूट ७० हजारांना. दोहोंतील ५० हजारांचे अंतर द.सा.द.शे. १० व्याजाने पाच वर्षांच्या कर्जातून भरून काढले, तर दरमहा सुमारे १,०६० डॉलरचा हप्ता बसतो आणि पाच वर्षांत केवळ व्याजापोटी १३ हजारांहून अधिक डॉलर जातात. एका कामातून खर्च वजा जाता २५० डॉलर सुटत असतील, तर केवळ वाहनाच्या दिमाखामुळे महिन्याला चार-पाच कामे अधिक मिळाली पाहिजेत आणि तीही साठ महिने अखंड. तेवढी मिळत असतील तर यूट ही गुंतवणूक आहे. नसतील तर तो मौजेचा खर्च आहे. मौज करण्यास हरकत नाही, मात्र तिला भांडवल म्हणू नये.

शिवाय ज्याची त्या देशात पतच नोंदलेली नाही आणि ज्याचा व्हिसा मुदतीचा आहे, त्याला स्वस्त व्याजाचे कर्ज सहसा मिळत नाही. हप्ता हलका दिसावा म्हणून अखेरीस एकरकमी मोठी रक्कम भरण्याची अट घालण्याची पद्धतही तेथे रूढ आहे. हप्त्याकडे पाहून घेतलेले वाहन मग त्या शेवटच्या रकमेसाठी विकावे लागते, किंवा नवे कर्ज काढून जुने फेडावे लागते.

सवलतीचा मोह

या मोहाला सरकारी करपद्धतीचेही खतपाणी आहे. महागड्या प्रवासी मोटारींवर तेथे विशेष चैन-कर आहे; परंतु प्रामुख्याने माल वाहण्यासाठी बनविलेली वाहने त्यातून सुटतात. प्रवासी मोटारीवरील घसाऱ्याची वजावट एका मर्यादेपर्यंतच मिळते. २०२४-२५ साठी ती ६९,६७४ डॉलर होती. एक टन किंवा त्याहून अधिक भार वाहू शकणाऱ्या यूटीला ही मर्यादा लागू नाही. मालकाने नोकराला कामासाठी दिलेल्या यूटीचा खाजगी वापर किरकोळ व प्रासंगिक असेल, तर तोही करमुक्त राहतो. हेतू रास्त आहे. कारागिराच्या हत्यारावर कर कशाला? पण परिणाम असा, की ज्याला केवळ मोटार हवी आहे, तोही हौदा असलेली मोटार पसंत करतो.

‘करातून वजा होते’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी फार गोड लागते. त्याचा अर्थ मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे. २०२४ च्या जुलैपासून तेथे ४५ हजारांवरील आणि १ लाख ३५ हजारांपर्यंतच्या उत्पन्नावर ३० टक्के आयकर आहे. म्हणजे त्या टप्प्यातील मनुष्याने एक डॉलर खर्च केला तर तीस सेंट वाचतात. उरलेले सत्तर त्याच्याच खिशातून जातात. अनावश्यक वस्तूवर सत्तर सेंट घालविणे ही बचत नव्हे.

कामाची कसोटी

व्हॅनचा पक्ष असा, की तिचा माल बंद दाराआड राहतो. पावसात तारा-यंत्रे भिजत नाहीत, चोरालाही उघड्या हौद्याइतकी मोकळीक मिळत नाही. तळ खाली असल्याने जड सामान चढविताना कंबर शाबूत राहते. आत फळ्या ठोकून जागच्या जागी खिळे-स्क्रू लावता येतात. शहरात काम करणाऱ्या वीजतंत्र्याला किंवा नळ-कारागिराला ती बहुधा अधिक सोयीची. उलटपक्षी खडी-माती वाहणाऱ्याला, कच्च्या रस्त्याने शेतमळ्यांवर जाणाऱ्याला, अवजड जोडगाडी ओढणाऱ्याला यूटच हवी; त्याच्या बाबतीत ती दिमाख नसून गरज आहे. पत्नी, दोन मुले आणि हत्यारे या सर्वांसाठी एकच वाहन परवडणाऱ्या कुटुंबालाही चार दारांची यूट शहाणपणाची ठरू शकते. गिप्सलँडच्या त्या गृहिणीची मागणी आजही निकाली निघालेली नाही. मात्र तेवढ्यासाठी सर्वांत दिमाखदार नमुनाच हवा असे नाही. आपल्याकडील महिंद्र कंपनीची यूटही तेथे तुलनेने कमी किमतीत विकली जाते. भार तेवढाच वाहावयाचा असेल, तर किमतीतील उरलेला फरक हा बहुतांशी आराम आणि नाव यांचाच असतो.

जुन्या वाहनाची भीती निराधार नाही. विक्रेत्याला दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे जुन्या मोटारींच्या बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अकेरलॉफ याने १९७० मध्येच दाखविले. पण त्यावर उपाय आहे. त्रयस्थ यांत्रिकाकडून तपासणी करून घेण्यास लागणारे काहीशे डॉलर हे साठ हप्त्यांपेक्षा फार स्वस्त पडतात.

आणि विश्वासाची खूण महागच असली पाहिजे असेही नाही. धुतलेली, पोचे काढलेली व्हॅन. तिच्यावर स्वच्छ अक्षरात रंगविलेले नाव, दूरध्वनी आणि कारागिराच्या परवान्याचा क्रमांक. सांगितलेल्या वेळी दारात हजर होणे आणि काम झाल्यावर जमीन झाडून देणे. परवान्याचा क्रमांक ही तर यूटीपेक्षा अस्सल खूण. कारण तो मिळविण्यास परीक्षा द्यावी लागते, तो कर्जाऊ मिळत नाही. एकदा दहा घरी नाव झाले, की वाहनाने बोलण्याची गरजच उरत नाही. पत नसताना वाहन दिमाखदार घ्यावेसे वाटते. आणि पत झाल्यावर ते परवडते, पण त्याची तितकीशी निकड राहत नाही, असा हा विरोधाभास आहे.

प्रेक्षक कोण?

या सर्व हिशेबात एक घटक मात्र कोठेच नोंदला जात नाही. नव्या वाहनाचे छायाचित्र सर्वप्रथम कोणाकडे जाते? मेलबर्नच्या गिऱ्हाइकाकडे नव्हे. ते जाते नाशिकला, कोल्हापूरला, लातूरला. ते घरोघर दाखविले जाते. मुलाने शेत गहाण ठेवून किंवा शिक्षणासाठी कर्ज काढून परदेश गाठला असेल, तर ते छायाचित्र म्हणजे आईवडिलांच्या धाडसाला मिळालेली पावतीच ठरते. त्यांचा आनंद खोटा नसतो. परंतु या प्रेक्षकवर्गाकडून काम मिळत नाही आणि हप्ताही भरला जात नाही. एक कर्ज फिटण्यापूर्वी दुसरे अंगावर घेण्याचे दडपण मात्र येथूनच जाते, तेही कोणी उघड न बोलता. शेजारच्याच्या मुलाचे वाहन केवढे, या चौकशीतून ते जाते.

विद्यार्थी म्हणून गेलेल्याची कोंडी आणखी बिकट. सत्राच्या काळात त्याला पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते. २०२३ च्या जुलैपासून हा नियम लागू आहे. मर्यादित तासांच्या कमाईवर अमर्याद दिमाखाचे हप्ते भरणे अशक्य. मग एक तर नियम मोडला जातो किंवा अभ्यास. आणि दोहोंचा शेवट परतीच्या विमानात होऊ शकतो.

तेव्हा कामाचे वाहन निवडताना क्रम असा असावा : आधी काम, मग हिशेब, मग मान. मान अजिबात नको असे नव्हे. तो कमाईच्या मागून यावा, कर्जाच्या पुढे धावू नये. आणि येथे राहिलेल्यांचेही एक कर्तव्य आहे. परदेशातील मुलाने उद्या जुन्या व्हॅनसमोर उभे राहून काढलेले छायाचित्र पाठविले, तर ते शेजाऱ्याला दाखविताना आईवडिलांचा हात आखडू नये. त्या व्हॅनवर त्याचे नाव लिहिलेले असेल आणि तिचा एकही हप्ता बाकी नसेल, तर अभिमान वाटण्यास तेवढे पुरेसे आहे.