वीजबाजाराची शिकवणी नेमकी कोणाला?

खास प्रतिनिधी

जानेवारी २००१. कॅलिफोर्नियात विजेची तीव्र टंचाई असताना एन्रॉनच्या एका ट्रेडरने लास वेगास येथील एका वीजकेंद्रात दूरध्वनी केला. काही तरी कारण काढून केंद्र बंद ठेवा, अशी त्याची मागणी होती. पलीकडच्या कर्मचाऱ्याने ती मान्य केली. दुसऱ्या दिवशी केंद्र बंद राहिले आणि त्याच दिवशी उत्तर कॅलिफोर्नियात आळीपाळीने भारनियमन करावे लागले. या संभाषणाची ध्वनिफीत २००५ मध्ये जाहीर झाली. महाराष्ट्राला एन्रॉन ठाऊक आहे ती दाभोळच्या महागड्या विजेमुळे. कंपनीच्या या दुसऱ्या उद्योगाची आपल्याकडे त्या मानाने चर्चा झाली नाही.

ऊर्जेच्या घाऊक बाजारातील गैरप्रकार रोखण्यासाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा विषय निघतो, तेव्हा हा दूरध्वनी आठवावा. कल्पना ट्रेडरची होती, पण बटण दाबणारा हात वीजकेंद्रातला होता. प्रशिक्षणाचे वर्ग मात्र बहुधा ट्रेडर आणि कंपनीच्या विधी विभागापुरतेच भरतात.

वीज ही इतर मालासारखी मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. आपल्याकडील ऊर्जा बाजारात दुसऱ्या दिवसाच्या विजेचा लिलाव १५ मिनिटांच्या ९६ टप्प्यांत होतो. प्रत्येक टप्प्यात मागणी आणि पुरवठा जेथे जुळतो, तो दर सर्वांनाच लागू होतो. त्यामुळे ऐन टंचाईत एक मोठा संच बाजूला काढला, की फक्त त्याच्या वाट्याची नव्हे तर त्या टप्प्यातील सारीच वीज महागते. संच बंद पडणार आहे, हे इतरांच्या आधी कळणे म्हणजे उद्याचा भाव आज कळण्यासारखेच आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये ‘रेमिट’ हा नियम केला तो हेच ओळखून. वीजकेंद्र बंद पडल्याची किंवा पडणार असल्याची, दरावर लक्षणीय परिणाम करू शकणारी माहिती तेथे वेळेत जाहीर करावी लागते. तोवर तिच्या आधारे सौदा करता येत नाही. याचा अर्थ असा, की हा नियम पाळला जाणार की मोडला जाणार, हे पुष्कळदा रात्रपाळीच्या अभियंत्याच्या एका नोंदीवर ठरते.

अर्थात, नियम शिकवला म्हणजे तो पाळला जातो, असे नाही. ब्रिटनच्या ‘ऑफजेम’ या ऊर्जा नियामकाने ऑगस्ट २०२३ मध्ये मॉर्गन स्टॅन्लेला ५४ लाख पौंडांहून अधिक दंड केला. बँकेच्या ऊर्जा विभागातील ट्रेडर २०१८ ते २०२० या काळात खासगी फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपवर सौद्यांविषयी बोलत होते आणि त्या संभाषणांच्या नोंदी ठेवल्या गेल्या नव्हत्या. विशेष म्हणजे, अशा वापराला बँकेची अंतर्गत मनाई होती. मनाई होती, पण ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी पुरेशी पावले उचलली गेली नाहीत, हा नियामकाचा ठपका होता. वर्ग भरवून, हजेरीपटावर सह्या घेऊन सुटलो असे समजणाऱ्या कंपन्यांनी हे प्रकरण मुळातून पाहण्याजोगे आहे.

भारतात हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या वीजबाजार नियमावलीने दरांत फेरफार, इनसायडर ट्रेडिंग आणि संगनमत यांना मनाई केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात आयोग आणि ‘सेबी’ यांच्यातील अधिकारांचा जुना वाद मिटला: प्रत्यक्ष विजेचे सौदे आयोगाकडे, वायदे सेबीकडे. जुलै २०२५ मध्ये एमसीएक्स आणि राष्ट्रीय शेअर बाजारात विजेचे वायदे सुरूही झाले. या वायद्यांची पूर्तता रोखीने होते आणि तिचा आधार असतो तो प्रत्यक्ष बाजारातील दर.

येथेच खरी मेख आहे. एका बाजारात मुद्दाम थोडा तोटा सोसायचा, दर हलवायचा आणि दुसऱ्या बाजारात त्याच दराशी जोडलेल्या सौद्यावर मोठा नफा काढायचा, ही युक्ती नवी नाही. २००६ ते २००८ या काळात पश्चिम अमेरिकेत असे केल्याचा आरोप तेथील संघीय ऊर्जा आयोगाने बार्कलेज बँकेवर ठेवला होता. आरोप मान्य वा अमान्य न करता बँकेने २०१७ मध्ये साडेदहा कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. सौदे एकेकटे पाहिले तर त्यांत वावगे काही दिसत नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावरच गोम कळते. आपल्याकडे त्या दोन वह्या दोन नियामकांकडे आहेत.

आणि नियामकांचे काय? जुलै २०२५ मध्ये आयोगाने विविध ऊर्जा बाजारांतील दर एकत्रितपणे ठरवण्याचा, म्हणजे ‘मार्केट कपलिंग’चा आदेश काढला. दुसऱ्याच दिवशी इंडियन एनर्जी एक्सचेंजचा शेअर एक चतुर्थांशाहून अधिक कोसळला. आदेश जाहीर होण्याआधीच त्याची माहिती आयोगातून बाहेर गेली आणि तिच्यावर सौदे झाले, असा प्रथमदर्शनी निष्कर्ष सेबीने ऑक्टोबर २०२५ च्या अंतरिम आदेशात काढला व आठ जणांचा सुमारे १७३ कोटी रुपयांचा कथित गैरनफा जप्त करण्यास फर्मावले. आदेश अंतरिम आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गैरप्रकार विजेत नव्हे तर शेअरमध्ये झाल्याचा हा आरोप आहे, हेही खरे. तरीही, प्रशिक्षणाची यादी करताना नियामकाच्या कार्यालयातील फायली हाताळणारे त्या यादीत असावेत की नसावेत, याचे उत्तर त्यातून मिळते.

राज्यांच्या वितरण कंपन्यांचे वीजखरेदी अधिकारी तर या यादीत हवेतच. उद्या किती वीज कमी पडणार आणि ती बाजारातून किती घ्यावी लागणार, हे त्यांना आदल्या दिवशीच ठाऊक असते. वायदे नव्हते तोवर ही आकडेवारी सहजपणे फोनवर सांगितली गेली तरी कोणाला फारसे वाटत नसे. आता त्याच आकड्यांवर मुंबईत बसून सौदा करता येतो.