राजकवी नव्हे, जनपदकवी हवा!

राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतास २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषेच्या गौरवाच्या या काळात प्रत्येक प्रदेशासाठी शासनाने एक अधिकृत कवी नेमावा काय, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. मात्र त्याचे उत्तर मंत्रालयात नव्हे, खानदेशात शोधावे लागेल.

अशा पदाची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६६८ मध्ये जॉन ड्रायडन राजकवी झाले, तेव्हापासून ती अखंड चालू आहे. १९९९ पासून तेथील नेमणूक तहहयात न राहता दहा वर्षांची झाली. तामिळनाडूत नामक्कल रामलिंगम पिळ्ळै आणि पुढे कण्णदासन यांना शासनाने आस्थानकवीचा मान दिला. मराठीतही भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे, तर कवी यशवंत बडोद्याचे राजकवी होते. संस्थाने विलीन झाली आणि हा मानही इतिहासजमा झाला.

यावर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे. या भूमीतील कविता संतांनी लोकाश्रयावर वाढवली. राजदरबाराचे वैभव नाकारणारे तुकोबा हा तिचा आदर्श. शासनाने कवी नेमला तर सत्तापालटाबरोबर कवीही पालटेल आणि काव्याची जागा स्तुतिपाठ घेईल, ही भीती निराधार नाही. साहित्य, विज्ञान, कला आदी क्षेत्रांतील जाणकारांसाठी विधान परिषदेत राज्यपालनियुक्त जागांची तरतूद संविधानाने केली. त्या तरतुदीमुळे १९७८ मध्ये ना. धों. महानोर सभागृहात गेले आणि पळसखेडच्या शेतातील कवीने तेथे शेती व पाण्याचे प्रश्न मांडले. पुढे मात्र या जागांवर राजकीय सोयीचीच वर्णी अधिक लागली. नव्या पदाचे तसेच होणार असेल, तर ते न निर्मिलेलेच बरे.

मग खानदेश काय सांगतो? धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 'बालकवी' ही उपाधी कोणत्याही सरकारने दिली नाही. १९०७ मध्ये जळगावात भरलेल्या कविसंमेलनाने ती दिली. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची कथा तर याहून बोलकी आहे. या माउलीस अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरोट्यावर स्फुरलेली तिची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून त्यांतली काही उरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. पुत्र सोपानदेवांनी जपलेली ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये महाराष्ट्राला आपल्या एका थोर कवयित्रीचा परिचय झाला. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. परंतु त्यांच्या हयातीत राजकवीचे पद असते, तर निवड समितीपुढे त्यांचे नाव तरी गेले असते काय? उणीव कवीची नव्हती, ऐकणाऱ्याची होती.

ती उणीव आजही आहे. अहिराणीसह 'खानदेशी' या सदराखाली नोंदलेल्या भाषकांची संख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २० लाख ७५ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. आखाजीच्या झोक्यावरची गाणी, कानबाईची आणि भुलाबाईची गाणी ज्यांच्या ओठी आहेत, त्या आजीबाई एकेक करून निघून जात आहेत. नातवंडे शाळेत प्रमाण मराठी वा इंग्रजी शिकतात आणि घरची बोली उच्चारण्यास संकोचतात. एक आजी जाते, तेव्हा एक अलिखित ग्रंथ चितेवर जातो.

धुळ्याने या बाबतीत मार्ग दाखविला आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून शोधून आणली. ती समर्थ वाग्देवता मंदिरात जतन झाली. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये त्यांच्या नावे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांची ज्ञानसाधना पुढे नेली. कागदावरच्या शब्दासाठी जे झाले, ते मुखातील शब्दासाठी होणे बाकी आहे.

म्हणून शासनाने पद निर्माण करावेच, पण ते 'जनपदकवी'चे असावे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांसाठी तीन वर्षांच्या मुदतीने एक कवी नेमावा. निवड मंत्र्यांनी नव्हे, तर विद्यापीठ, राजवाडे मंडळ आणि बोलीचे जाणकार शिक्षक यांनी करावी. त्यास मानधन व प्रवासखर्च मिळावा. शासकीय सोहळ्यांसाठी काव्य रचण्याचे बंधन मुळीच नसावे. त्याने गावोगावी जाऊन गाणी ध्वनिमुद्रित करावीत, ती विद्यापीठात जमा करावीत, प्रत्येक गाण्यासोबत गाणारीचे नाव नोंदवावे आणि शाळांतून मुलांना बोलीत लिहिते करावे. मुदत संपताना किती सत्कार झाले हे नव्हे, किती गाणी वाचली हे विचारले जावे.

सोपानदेवांसारखा पुत्र प्रत्येक माउलीच्या पोटी जन्मत नाही. ज्या घरात गाणे आहे पण ते टिपणारा कोणी नाही, त्या घराच्या दारी जाणे हे समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य ठरते. त्यासाठी राजदरबार लागत नाही. दारी जाऊन ऐकणारा कवी लागतो.