हृदयाचा शेजार

आमच्या एका वाचक भगिनीनें विचारलें आहे, "वडिलांच्या हृदयाचे ठोके बेताल पडतात. डॉक्टर विजेच्या झटक्यांचा नवा उपचार सुचवितात. हृदयाला लागून असलेल्या अवयवांस अपाय तर होणार नाहीं ना?" प्रश्न रास्त आहे व इतर कुटुंबांसहि उपयोगी पडेल, म्हणून येथें त्याचा विचार करूं.

या विकारास डॉक्टर मंडळी 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यास जेथें मिळतात, तेथून बहुधा हे बेताल ठोके उठतात, असें फ्रान्समधील बोर्दो येथील वैद्यांनीं १९९८ सालीं दाखवून दिलें. त्या मुखांभोंवतालचे स्नायू निकामी करून त्यांची वाट अडविणें, हा उपचार त्यांतूनच रूढ झाला.

हें काम आजवर मुख्यतः उष्णतेनें किंवा अतिशीतानें होत आलें. पण उष्णता हृदयापाशींच थांबेल, असा भरंवसा नाहीं. या कप्प्याच्या मागेंच अन्ननलिका असते. ती भाजून दोहोंमध्यें भोंक पडण्याचा प्रसंग विरळा. परंतु पडलें तर तें बहुधा प्राणावर बेततें. श्वासपटल हालविणारा मज्जातंतूहि जवळूनच जातो.

नव्या पद्धतींत सेकंदाच्या कांहीं दशलक्षांश भागापुरते, हजार-दोन हजार व्होल्टांचे झटके देतात. त्यांनीं पेशींच्या आवरणास सूक्ष्म छिद्रें पडून त्या मरतात. भाजणें जवळजवळ होत नाहीं. हृदयाचे स्नायू या झटक्यांस लवकर बळी पडतात, अन्ननलिका व मज्जातंतु त्यामानानें टिकाव धरतात. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १७,००० हून अधिक रुग्णांच्या पाहणींत अन्ननलिकेस मोठी इजा किंवा श्वासपटलाचा कायमचा लकवा एकासहि झाल्याचें आढळलें नाहीं.

तथापि उपचार सर्वस्वी निर्धोक नव्हे. त्याच पाहणींत सुमारें शंभरांत एकास हृदयाभोंवतीं रक्त सांचणें, पक्षाघात यांसारखा गंभीर अपाय झाला. हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या अगदीं जवळ झटका दिल्यास ती आंखडूं शकते. झटके फार झाल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण पडतो.

सबब भगिनीनें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें : झटके कोठें व किती देणार? वडिलांचीं मूत्रपिंडें धड आहेत ना? रक्त न गोठण्याचें औषध किती दिवस घ्यावयाचें? आणि असे उपचार आपल्या हातून किती झाले? अन्ननलिकेची काळजी पुष्कळ कमी झाली आहे. या चार प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळाल्यावांचून मात्र संमति देऊं नये, असें आमचें मत आहे.