पिल्लू आलं घरात, फडकं आलं माझ्या हातात

मैत्रिणींनो, आमचं केम कुंकवाचं गाव. अंगणात कुंकू वाळत घातलेलं असताना घरात कुत्र्याचं पिल्लू असणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक! दिवाळीनंतर धाकट्यानं शर्टात गुंडाळून एक गावठी पिल्लू आणलं. नाव ठेवलं मोत्या. पहिल्याच आठवड्यात त्यानं शेजारच्या वाळवणावर कार्यक्रम उरकला आणि लाल लाल पावलं उमटवत थेट आमच्या स्वयंपाकघरात आला. शेजारणीचं नुकसान भरून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दे सोडून स्टेशनाकडं. तुकडे मिळतील, जगंल तिथं."

जगत नाही हो. रुळाच्या कडेला अशी सोडलेली पिल्लं मी पाहिली आहेत. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत असतं?

खरं दुखणं वेगळंच. पिल्लू आणतात मुलं, कौतुक करतात बाप्ये आणि पुसते आई. मग चिडून कुणीतरी त्याची मान धरतं, नाक त्या घाणीत घासतं, वर दोन चापट्या. आमच्याकडंही हेच झालं. त्यातून मोत्या एवढंच शिकला, की माणसांदेखत करायचं नाही. मग तो कॉटखाली जाऊन करायला लागला! घाण करून गेल्यावर दहा मिनिटांनी मारलं तर ते कशासाठी, हे त्याला कळतच नाही.

बी.ए.ला असताना पाव्हलॉव्हचा प्रयोग पाठ केला होता. घंटा वाजली, की कुत्र्याच्या तोंडाला पाणी. परीक्षेपुरता. वीस वर्षांनी उपयोगी पडला तो असा.

पिल्लू झोपून उठलं, खाऊन झालं, खेळून दमलं, की उचलायचं आणि बाहेर न्यायचं. रोज एकाच जागी. आम्ही परसातला लिंब ठरवला. तिथं गप्प उभं राहायचं, गप्पा मारायच्या नाहीत. त्यानं केलं, की तिथल्या तिथं भाकरीचा तुकडा आणि शाबासकी. घरात येऊन दिलेला तुकडा फुकट. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोनेक तास दम धरतं, त्यामुळं रात्रीतून एकदा तरी उठावं लागतं. ती पाळी मी धाकट्यावर टाकली. पिल्लू कुणी आणलं होतं?

फरशीवर नुसतं फिनेल ओतू नका. आपल्याला स्वच्छ वाटतं, पण त्याच्या नाकाला जुना वास सापडतोच आणि ते परत तिथंच बसतं. शिवाय चाटलं तर पोटात जातं. साबणानं धुऊन मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसावं.

पुरते दोन महिने लागले. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला एवढ्या बायका बघून मोत्यानं आनंदानं सतरंजीवरच सोडलं, तेव्हा माझी मान खाली गेली. पण ते खोडसाळपणानं नसतं, हर्षानं होतं. रागवायचं नाही.

आमच्या बचत गटात हे सांगितल्यावर दोघीतिघींनी पिल्लू पाळायचं मनावर घेतलं. एकीनं मात्र बजावलं, "ताई, मादी नको हं, नसती कटकट." माझ्या कानाला झोंबलं. का, ते तुम्हाला सांगायला नको. मादीच्या पिल्लांचा प्रश्न नसबंदीनं सुटतो. स्टेशनवर सोडून सुटत नाही. आणि पिल्लू नर असो वा मादी, आठ आठवडे तरी आईपाशी राहू द्या. जंताचं औषध द्या, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. खेळताना दात लागला तरी जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका. रेबीज एकदा उलटला, की त्यावर इलाज नाही.

आता पहाटे पाचला मोत्या दाराला नख लावतो. "मेलं झोपू देत नाही," म्हणत सासूबाईच कडी काढतात. मी अजून अंथरुणातच असते.